नोंदवहीतले दोन रकाने

मराठी माणसाला पावसाची नावं शिकवावी लागत नाहीत. रिमझिम, भुरभुर, सर, झड, संततधार, मुसळधार, वळीव, अवकाळी. कोकणातल्या माणसाला विचारा, तो आणखी चार सांगेल. पण बर्फापाशी आलो की आपली भाषा हात वर करते. फ्रीजमधला तो बर्फ, गोळेवाल्याच्या गाडीवरचा तो बर्फ, आणि आभाळातून पिंजलेल्या कापसासारखा उतरतो तोही बर्फच. 'हिम' हा शब्द पुस्तकात आहे, बोलण्यात नाही. त्यामुळे सातारा-कोल्हापूरकडचा पोरगा पहिल्यांदा वरच्या पोस्टवर पोचला की घरी फोन करून सांगतो, "आई, इथं बर्फ पडतोय." आईच्या डोळ्यांसमोर काय येतं, देव जाणे.

आईचं ठीक आहे. पण तेच 'बर्फ पडतोय' पोस्टच्या हवामान नोंदवहीत लिहिलं गेलं, तर खाली बसून उद्याच्या लिंक पेट्रोलचा निर्णय घेणाऱ्याला त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. काय पडतंय, कसं पडतंय, किती वेळ पडतंय, यावर तिथे माणसांचे जीव अवलंबून असतात.

नेमकं हेच ओळखणारी यंत्रं आता आहेत. प्रेझेंट वेदर सेन्सर म्हणतात त्यांना. खांबावर समोरासमोर दोन हात, मधून प्रकाशाचा झोत, आणि दर मिनिटाला एक उत्तर: पाऊस, भुरभुर, बर्फ, गारा. विमानतळांवर ती बऱ्याच वर्षांपासून आहेत, आणि डोंगरातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांबरोबरही जोडता येतात.

या यंत्रांबद्दल वर्दीतल्या मंडळींकडून मला दोन मतं ऐकायला मिळतात. एक, तरुण अधिकाऱ्यांचं: "सर, यंत्र आलं की माणसाची नोंद बंद करू. थंडीत एक ड्युटी वाचेल." दुसरं, केस पांढरे झालेल्या सुभेदार साहेबांचं: "साब, डिब्बा क्या जाने बर्फ!" माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. यंत्र हवंच. माणसाची नोंदही हवीच. दोघांचे रकाने वेगळे असावेत. आणि दोन्ही रकाने जुळले नाहीत, तर कुणीही, कोणत्याही हेडक्वार्टरात, ते जुळवून घेऊ नयेत. हा लेख एवढं सांगण्यासाठीच आहे.

आधी, काय पडतंय याने एवढा फरक का पडतो ते सांगतो. माजी सैनिक वाचकांनी हे अंगावर घेतलेलं आहे, पण घरच्यांसाठी लिहितो.

कडक थंडीत पडणारा कोरडा बर्फ हलका असतो. वारा त्याला उचलतो आणि धारेच्या पलीकडे, आडोशाच्या उतारावर नेऊन रचतो. तिथे त्याची एक घट्ट लादी तयार होते. तापमान शून्याच्या आसपास असताना पडणारा ओला बर्फ जड असतो. तो तंबूवर, तारांवर, अँटेनावर चिकटतो आणि छप्पर खाली बसवतो. तिसरा प्रकार म्हणजे ग्राउपेल. बर्फाची पाकळी खाली येताना तिच्यावर अतिथंड पाण्याचे सूक्ष्म थेंब गोठत जातात आणि तिचा पांढरा, मऊ दाणा होतो. आकार साधारण २ ते ५ मिलिमीटर. बोटात धरला तर चुरडतो. माझ्या तुकडीतली मुलं त्याला 'साबुदाणा' म्हणत, आणि याहून चांगलं नाव मला आजवर सापडलेलं नाही. या साबुदाण्याचा थर उतारावर पसरला आणि त्यावर नवा बर्फ बसला, की तो बर्फ छर्ऱ्यांवर ठेवल्यासारखा बसतो. चौथा प्रकार सगळ्यात वाईट: साचलेल्या बर्फावर पडणारा पाऊस. पाणी आत मुरतं, वजन वाढतं, बर्फाचे आतले धागे सुटतात, आणि उतार काही तासांत खाली येऊ शकतो.

बहुतेक लादीचे हिमस्खलन ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. आपल्या लिंकच्या वाटा कुठून जातात, हे त्या वाटांवर दोर बांधून चाललेल्यांना सांगायला नको.

३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनवर सुमारे १९,६०० फुटांवरच्या पोस्टवर बर्फ कोसळला आणि दहा जण गाडले गेले. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहाव्या दिवशी जिवंत सापडले, साऱ्या देशाने श्वास रोखून धरला, आणि ११ फेब्रुवारीला ते गेले. त्या दहांत आपल्या सातारा जिल्ह्यातला एक नर्सिंग असिस्टंटही होता. एखादं यंत्र असतं तर ते वाचले असते, असा दावा मी करणार नाही. तसा दावा करणं त्यांचाही अपमान आहे आणि विज्ञानाचाही. एवढंच म्हणतो की डोंगरावरचा बर्फ समजून घेण्याचा खर्च आपण कशाच्या तुलनेत मोजतो, ते विसरू नये.

हे समजून घेण्याचं काम आपल्याकडे नवं नाही. १९६९ साली मनालीत बर्फ आणि हिमस्खलन यांचा अभ्यास करणारी 'सासे' ही संस्था सुरू झाली. २०२० मध्ये ती आणि दिल्लीची भूप्रदेश संशोधन प्रयोगशाळा एकत्र करून 'डीजीआरई' झाली. हिमस्खलनाचे इशारे तिथून येतात. त्या इशाऱ्यांमागे उपग्रह, स्वयंचलित केंद्रं आणि गणिती मॉडेलं आहेत, तशीच पोस्टवरच्या माणसांनी हाताने घेतलेली मोजमापंही आहेत. कांडीने मोजलेला ताजा बर्फ, थर्मामीटरवर वाचलेलं तापमान, आणि डोळ्यांनी पाहिलेलं आभाळ.

आता डोळ्यांनी पाहण्याबद्दल खरं बोलू. मी पायदळाच्या पोरांबरोबर ओपीवर राहिलेला तोफखान्याचा माणूस आहे. पोस्टचं नाव सांगणार नाही, सांगायची गरजही नाही. पहाटे तीनला, उणे तीसमध्ये, बुखारीजवळून उठून, तीन हातमोज्यांपैकी दोन काढून, पेन्सिलीने नोंद लिहायची. एका पोस्टच्या जुन्या वहीत मी सलग नऊ रात्रींची नोंद एकाच वाक्यात पाहिली आहे: 'रातभर हल्का बर्फ'. नऊ रात्री, तोच हल्का बर्फ. लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. थकलेला माणूस कालचं वाक्य आज लिहितो. पण त्या नऊ रात्रींत कधी साबुदाणा पडला, कधी ओला बर्फ पडला, कधी काहीच पडलं नाही, हे आता कुणालाही कळणार नाही.

यंत्राची खरी किंमत इथे आहे. त्याला झोप नाही, थंडी नाही, कालचं वाक्य नाही.

ते ओळखतं कसं, हे सोपं आहे आणि सुंदरही. एका प्रकारच्या यंत्रात लेसर किरणांचा एक पातळ पडदा असतो. त्यातून एखादा कण पडला की तेवढा प्रकाश अडतो. किती अडला यावरून कणाचा आकार कळतो, किती वेळ अडला यावरून वेग. याला डिस्ड्रोमीटर म्हणतात. आता गंमत अशी की पडणाऱ्या प्रत्येक प्रकाराला आपली चाल असते. भुरभुरीचा थेंब अर्ध्या मिलिमीटरहून लहान, तो रेंगाळत येतो. १ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटरने पडतो, ५ मिलिमीटरचा सुमारे ९ मीटरने. बर्फाची पाकळी त्याहून मोठी असली तरी सेकंदाला साधारण १ मीटरनेच येते. साबुदाणा या दोघांच्या मध्ये. गार ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी, आणि ती सरळ आदळते. आकार आणि वेग एका आलेखावर मांडले की पावसाची एक रेघ दिसते, बर्फाचा पुंजका तिच्या खाली दिसतो. संचलनात लांबून चालीवरून तुकडी ओळखावी, तसं.

दुसऱ्या प्रकारात अवरक्त किरण सोडतात आणि कणांवरून विखुरलेला प्रकाश कोनात बसवलेल्या डोळ्याने टिपतात. सोबत एक छोटी पट्टी असते, तिच्यावर खरोखर किती पाणी जमलं ते मोजते. प्रकाश खूप विखुरला आणि पाणी मात्र थोडं, तर बर्फ. पाणी भरपूर आणि विखुरणं त्या मानाने कमी, तर पाऊस. शिवाय गोठणाऱ्या पावसासाठी वेगळं यंत्र असतं. एक बारीक दांडी सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा कंप पावत असते. तिच्यावर बर्फ चढला की ती जड होते आणि कंपनं कमी होतात. सतारीच्या तारेवर मेण लावल्यासारखं.

तोफखान्यातल्या माणसाला हे यंत्र आवडण्याचं आणखी एक कारण आहे. आमचे काही फ्यूज रेडिओ लहरींनी जमिनीचं अंतर ओळखून फुटतात, आणि जोरदार पावसात ते वेळेआधी फुटू शकतात. टोकावर आदळून फुटणाऱ्या काही फ्यूजच्या नाकात आडव्या दांड्या बसवलेल्या असतात, त्या कशासाठी? पावसाचे मोठे थेंब आधीच फोडण्यासाठी, म्हणजे गोळा थेंबालाच शत्रू समजणार नाही. तेव्हा काय पडतंय हा प्रश्न आमच्यासाठी कवितेचा नाही. हेलिकॉप्टरची वाट पाहणाऱ्या जखमी माणसासाठीही नाही. हेलिपॅडवर नुसतं 'खराब मौसम' सांगण्यापेक्षा 'गेली वीस मिनिटं बर्फ थांबलाय' हे सांगता येणं म्हणजे एक उड्डाण.

इथपर्यंत वाचून तरुण अधिकारी म्हणेल, "मग सर, माणूस कशाला?"

सांगतो. पहिलं कारण, ही यंत्रं ज्या हवेसाठी मुळात जुळवलेली असतात ती आपली हवा नाही. ५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के. पातळ हवेत तोच दाणा सुमारे पाचव्या हिश्श्याने अधिक वेगाने पडतो. वेगावरून ओळखणाऱ्या यंत्रात उंचीची दुरुस्ती केली नसेल, तर त्याच्या सीमारेषा सरकतात, आणि बर्फ व साबुदाणा यांच्यातली रेघ तर आधीच धूसर असते.

दुसरं, काचेवर हिम चढतो. सौर पॅनल बर्फाखाली जातं. कडक थंडीत बॅटरीचा दम निम्म्यावर येतो. यंत्र आंधळं होतं, आणि आंधळं झाल्याचं प्रत्येक वेळी सांगतंच असं नाही.

तिसरं, त्या लेसरच्या पडद्याचं क्षेत्रफळ. नेहमीच्या एका यंत्रात ते ५४ चौरस सेंटिमीटर असतं, म्हणजे पोस्टकार्डाच्या अर्ध्याहून कमी. त्या अर्ध्या पोस्टकार्डावर जे पडलं तेवढं यंत्राचं जग. समोरच्या नाल्यावर काळं झालेलं आभाळ त्याला दिसत नाही. निरीक्षकांसाठी जी आंतरराष्ट्रीय सांकेतिक सारणी आहे, ० ते ९९ अशा अंकांची, तिच्यात १४, १५ आणि १६ हे अंक नुसते दिसणाऱ्या पावसासाठी राखून ठेवलेले आहेत. १४ म्हणजे पडताना दिसतोय पण जमिनीला टेकत नाही. १५ म्हणजे टेकतोय, पण ५ किलोमीटरपेक्षा लांब. १६ म्हणजे जवळच, पण आपल्यावर नाही. ज्यांनी ही सारणी केली त्यांना ठाऊक होतं की हवामान फक्त डोक्यावर पडत नाही.

लेहमध्ये ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीने काय केलं ते आपल्यातल्या अनेकांनी चिखल उपसताना पाहिलं आहे. दोनशेहून अधिक माणसं गेली. त्या दिवशीची लेहच्या वेधशाळेची पावसाची नोंद किती होती? १२.८ मिलिमीटर. पुण्यात एवढ्या पावसाला कुणी छत्रीसुद्धा शोधत नाही. पर्जन्यमापक खोटं बोलला नाही. त्याच्यावर तेवढाच पडला. बाकीचा दुसरीकडे कोसळला, जिथे मापक नव्हता.

चौथं कारण माझ्या मते सगळ्यात मोठं. उतारावरच्या सगळ्यात धोकादायक गोष्टींपैकी एक गोष्ट पडतच नाही. निरभ्र, निवांत रात्री हवेतली वाफ बर्फाच्या पृष्ठभागावर गोठते आणि पिसांसारखे स्फटिक उभे राहतात. आपल्याकडे गवतावर दहिवर दिसतं, तसंच, पण बर्फावर. सकाळी उन्हात ते हिऱ्यांसारखं चमकतं, आणि पोरं फोटो काढतात. त्यावर पुढचा बर्फ बसला की ती पिसं आत गाडली जातात आणि तो थर कागदी पायावरच्या भिंतीसारखा कच्चा राहतो. यंत्र त्या रात्री काय लिहितं? 'काही नाही.' बरोबरच लिहितं. ते बर्फावर उतरलेलं काही आहे, आभाळातून पडलेलं नाही. ते लिहायला सकाळी बाहेर येऊन गुडघ्यावर बसणारा माणूस लागतो.

आता दोन रकान्यांकडे येतो.

एका हिवाळ्यात, एका पोस्टवर, यंत्र रात्रभर बर्फ दाखवत होतं. मिनिटागणिक बर्फ, बर्फ, बर्फ. त्याच रात्री संतरीच्या वहीत होतं: 'आसमान साफ, चाँद, हवा बहुत तेज.' सकाळी खालून सेटवर विचारणा झाली की नक्की काय ते एकच सांगा, सिटरेपमध्ये एकच ओळ जाते. सेटवरच्या हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. "साब, मशीन का भेजूँ या लौंडे का?"

दोन्ही पाठव, म्हणालो. कारण दोघंही खरं बोलत होते. आभाळ साफ होतं, आणि यंत्रासमोरून बर्फ जात होता. तो वरून पडत नव्हता, वारा त्याला धारेवरून उचलून आणत होता. एकटं यंत्र वाचलं असतं तर रात्री नवा बर्फ पडला असा निष्कर्ष निघाला असता, तोही सगळीकडे सारखा. एकटा संतरी वाचला असता तर 'मौसम साफ' म्हणून लिंक सुटली असती. दोघं मिळून वाचले की तिसरीच गोष्ट कळत होती: रात्रभर आडोशाच्या उतारावर बर्फ रचला जात आहे. आणि आमची वाट त्याच उताराखालून जात होती. पेट्रोल थांबवलं. तीन दिवसांनी दुसऱ्या वाटेने गेलं.

उतार कोसळला का? नाही. निदान आम्ही असेपर्यंत नाही. कुणी मेलं नाही, कुणाला पदक मिळालं नाही. वेळेवर घेतलेल्या बहुतेक निर्णयांचं असंच होतं, त्यांच्या गोष्टी होत नाहीत. पण ती दोन न जुळणारी वाक्यं जुळवून एक केली असती, तर निर्णयच घेता आला नसता.

देवळालीच्या तोफखाना शाळेतून गेलेल्या प्रत्येकाला याची सवय आहे. तोफेचं गणित एकजण करत नाही. दोघं स्वतंत्रपणे करतात, एकमेकांच्या कागदात न डोकावता. उत्तरं जुळली तर पुढे. नाही जुळली तर आम्ही सरासरी काढत नाही, आणि वरिष्ठाचं उत्तर बरोबर धरूनही चालत नाही. थांबतो आणि कुठे फाटलं ते शोधतो. कारण गोळा सरासरीवर पडत नाही. बारूद हाताळताना जी शिस्त आम्ही डोळे झाकून पाळतो, ती बर्फाच्या नोंदीला लावायला काय हरकत आहे?

यंत्राकडून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. विमानांसाठी हवामानाचा जो मेटार संदेश निघतो, त्यात पावसाला 'आरए', भुरभुरीला 'डीझेड', बर्फाला 'एसएन' अशी अक्षरं असतात. अमेरिकेत १९९० च्या दशकात विमानतळांवर स्वयंचलित केंद्रं मोठ्या प्रमाणावर बसवली गेली, तेव्हा एक अडचण होती: काहीतरी पडतंय हे यंत्राला कळतं, पण काय ते ठरवता येत नाही. त्यासाठी संकेतात 'यूपी' ही अक्षरं आहेत. अर्थ, प्रकार न ओळखलेलं काहीतरी. माणसाचा हात न लागलेल्या संदेशावर 'ऑटो' हा शब्दही असतो, म्हणजे वाचणाऱ्या वैमानिकाला कळावं की मागे डोळे नाहीत. आणि तिथेही मोठ्या विमानतळांवर यंत्राच्या नोंदीत भर घालायला माणूस ठेवलेला आहे. यंत्र बनवणाऱ्या देशाने माणसाला सुट्टी दिलेली नाही, हे आपल्या घाई झालेल्या मंडळींनी लक्षात घ्यावं.

मला त्या 'यूपी'चं फार कौतुक वाटतं. कारण आपल्या पेशात 'माहीत नाही' म्हणणं अवघड आहे. कॅडेट असताना 'माहीत नाही सर' म्हटल्यावर फ्रंट रोल मिळतात, आणि ते योग्यही असेल, कारण तिथे माहीत करून घेण्याची सवय लावायची असते. पण पुढे वीस वर्षं तीच भीती अंगात राहिली तर तिचे दुष्परिणाम होतात. पोस्टवरचा जवान म्हणतो, 'शायद गीला बर्फ, पक्का नहीं'. कंपनीकडून जाताना 'शायद' गळतं. बटालियनमधून जाताना 'पक्का नहीं' गळतं. वर पोचतं ते छान टाइप केलेलं, ठाम, 'ओला बर्फ'. कुणी खोटं बोललेलं नसतं. प्रत्येकाने फक्त वाक्य नीटनेटकं केलेलं असतं.

या मतावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला: उगाच माणसाला थंडीत बाहेर का काढायचं? माझं उत्तर, नव्याने कुणालाच काढायचं नाही. संतरी तसाही बाहेर असतो. त्याने काळ्या हातमोज्यावर पडलेलं दोन सेकंद टॉर्चमध्ये पाहायचं: पाकळी, दाणा, की थेंब. चुरडतं का. आभाळात तारे दिसतात का. वारा कुठून. चार गोष्टी, दोन मिनिटं. दर मिनिटाची पाळत यंत्राने ठेवावी. माणसाने फक्त यंत्राला न दिसणारं पाहावं. दुसरा आक्षेप: वर बसलेल्याला एकच स्पष्ट उत्तर हवं असतं, दोन नकोत. हवं असतं हे खरं. पण निर्णय घेणं हे त्याचंच काम आहे. खालच्याने वाक्य गुळगुळीत करून त्याचं काम आधीच उरकून टाकू नये.

निवृत्त होऊन गावी शेती करणाऱ्या वाचकांना वाटेल, आता आमचा याच्याशी काय संबंध. आहे. महाराष्ट्रात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. ती तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस मोजतात. साध्या पर्जन्यमापकाला मात्र गार आणि थेंब यांतला फरक कळत नाही. गार वितळली की त्याच्या दृष्टीने तो पाऊसच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात जी गारपीट झाली, ती आठवून पाहा. द्राक्षाच्या घडावर १० मिलिमीटर पाऊस आणि १० मिलिमीटर पाणी होईल एवढी गार, यांत काय फरक आहे ते बागायतदाराला विचारा. प्रधानमंत्री पीक विम्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत द्यायची आणि मग शेताची पाहणी व्हायची, अशी तरतूद आहे. म्हणजे तिथेही माणसाचा रकाना ठेवलेला आहे. तो भरा. गार पडली की पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, वेळ लिहा, तारीख लिहा. पोस्टवर केलंत तेच. मंडळाच्या केंद्रावर काय पडलं ते केंद्र सांगेल. तुमच्या बांधावर काय पडलं ते तुम्हीच सांगू शकता.

वर्दीतल्यांसाठी माझी मागणी छोटी आहे. यंत्र बसवताना उंचीची दुरुस्ती झाली आहे का ते विचारा. त्याची काच पुसणं हत्यार साफ करण्याइतकंच नेमाचं काम करा. त्याच्या प्रत्येक नोंदीशेजारी वाऱ्याचा वेग ठेवा. संतरीला पाकळी, साबुदाणा आणि गार यांतला फरक एका संध्याकाळी शिकवा, त्याला पदवी लागत नाही. वहीत दोन रकाने आखा, एक यंत्राचा, एक माणसाचा. आणि दोन्ही रकान्यांत 'माहीत नाही' लिहायची मुभा द्या, आणि ते 'माहीत नाही' जसंच्या तसं वरपर्यंत जाऊ द्या.

त्या नऊ रात्री 'हल्का बर्फ' लिहिणाऱ्या जवानाने एका रात्री जरी 'कुछ गिर रहा है, पता नहीं क्या' असं लिहिलं असतं, तर ती त्या वहीतली सगळ्यात उपयोगी नोंद ठरली असती. सकाळी कुणीतरी उठून पाहायला गेलं असतं.

जय हिंद.